‘फुल चार्ज केलेले सेल तीन आठवड्यांत उतरले’ : तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडचे २७०० एमएएचचे (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) चार डबल ए सेल तुम्ही फुल चार्ज केलेत. फ्लॅश ट्रिगर म्हणजे दुरून रेडिओने फ्लॅश उडवणारी जोडी; त्यातल्या कॅमेऱ्यावरच्या ट्रान्समीटरमध्ये दोन सेल आणि फ्लॅशकडच्या रिसीव्हरमध्ये दोन घातलेत. तीन आठवड्यांनी बॅग उघडली तर काहीच चालू होईना. पहिल्या दिवसापासून ट्रिगर अर्धीच बॅटरी दाखवत होता आणि आता एक सेल चार्जर घेतच नाही, म्हणून ‘जुना माल गळ्यात मारला’ असं तुम्ही लिहिलंत. माल जुना नव्हता. पण ट्रिगरसाठी तो चुकीचा होता, आणि विकताना ते आम्ही सांगायला हवं होतं. ही चूक आमचीच.

एमएएचचा आकडा मोठा म्हणजे सेल चांगला, हा हिशोब फ्लॅशला लागू पडतो, ट्रिगरला नाही. समजा, ट्रिगर १० मिलीअँपिअर करंट घेतो. मग २००० एमएएचचा सेलही त्याला साधारण २०० तास पुरतो. म्हणजे अडचण वापराची नाहीच, बॅगेत पडून राहण्याची आहे. तुम्ही घेतले तसे जास्त क्षमतेचे साधे निकेल मेटल हायड्राइड (रिचार्जेबल) सेल नुसते ठेवले तरी महिन्याला २० ते ३० टक्के उतरतात, उन्हाळ्यात त्याहून लवकर. तुम्हाला हवे होते ते ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ प्रकारचे, म्हणजे पडून राहिले तरी हळू उतरणारे. वेष्टनावर बहुधा ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असं लिहिलेलं असतं आणि डबल एची क्षमता १९०० ते २१०० च्या आसपास असते. सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हापासून हा प्रकार रुळला. वर्षभर पडून राहिले तरी यांच्यात बराचसा चार्ज शिल्लक असतो. रिमोट शटर, इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने फोटो काढणारं यंत्र), लाइट मीटर या सगळ्यांना हेच घ्या. ट्रिपल ए लागत असतील तर ७५० ते ८०० चे.

आता तुम्ही दिलेली मल्टिमीटरची रीडिंग. ट्रान्समीटरचे सेल १.१८ आणि १.१९ व्होल्ट, रिसीव्हरचे १.०२ आणि ०.६२. हा फरक बोलका आहे. चारही सेल एकाच दिवशी चार्ज झाले, तेव्हा आपोआप उतरण्याने एवढी तफावत पडत नाही. रिसीव्हर बॅगेत चालू राहिलेला दिसतो. तो सिग्नलची वाट बघत सतत करंट घेतो. त्यात एक सेल आधी संपला, तरी दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहिला. असं फार वेळ चाललं तर कमजोर सेलची पोलॅरिटी (प्लस-मायनस टोकं) उलटते आणि तो कायमचा खराब होतो. तुमचा बहुधा तिथवर गेलेला नाही. स्मार्ट चार्जर ठरावीक व्होल्टेजखालचा सेल ओळखतच नाही, म्हणून तो नाकारला जातोय. बॅग भरताना सेल काढून ठेवा, किंवा एकच उलटा घाला. म्हणजे दोन्ही सेलचे व्होल्टेज एकमेकांना मारतात आणि स्विच दाबला गेला तरी ट्रिगर चालू होत नाही.

अर्ध्या बॅटरीचं कारण वेगळं आहे. बऱ्याच ट्रिगरचा इंडिकेटर १.५ व्होल्टच्या अल्कलाइनवर (एकदा वापरून टाकायच्या सेलवर) बेतलेला असतो. अल्कलाइन १.२ ला आला म्हणजे निम्मा संपलेला. निकेलचा सेल मात्र बहुतेक वेळ १.२ च्या आसपासच काम करतो. दोन्ही प्रकारचे सेल रिसीव्हरला चालतात, फसतो तो फक्त इंडिकेटर. तेव्हा पट्ट्या मोजू नका, चार्ज केल्याची तारीख सेलवर लिहून ठेवा.

यावर उपाय म्हणून १.५ व्होल्टचे लिथियम-आयन डबल ए घ्यायचा विचार असेल तर थोडं थांबा. त्यांच्या आतला कन्व्हर्टर (व्होल्टेज १.५ वर आणणारं सर्किट) स्वतःही थोडा करंट खातो, सेल शेवटपर्यंत १.५ दाखवून एकदम बंद पडतो, आणि काही रेडिओ ट्रिगरमध्ये कन्व्हर्टरमुळे सिग्नलमध्ये अडथळा येऊन रेंज कमी होते. आणि १४५०० नावाचा सेल आकाराने डबल एच असतो, पण ३.७ व्होल्टचा. तो चुकूनही घालू नका, ट्रिगर जळेल.

अल्कलाइन परत घालायचे तर महिनोन्‌महिने आत विसरू नका. गळले की स्प्रिंगवर पांढरी पूड साचते आणि संपर्क गंजतो. रिसीव्हरच्या कप्प्यात आत्ताच एकदा बघून घ्या.

चारही सेल आणि रिसीव्हर घेऊन या, पावती नसली तरी चालेल. ०.६२ चा सेल आम्ही रिफ्रेश मोडवर (चार्जर सेल पूर्ण उतरवून परत भरतो तो) लावून त्याची क्षमता मोजू; २१०० च्या खाली निघाली तर बदलून देऊ. बाकीचे परत करून तेवढेच लो सेल्फ डिस्चार्ज सेल न्या, किंवा फ्लॅशसाठी ठेवा. तिथे ते उत्तम चालतात, फक्त कामाच्या आदल्या रात्री चार्ज करायचे. शेल्फवर या सेलखाली ‘कॅमेऱ्यासाठी’ अशी मोघम पाटी होती. ती काढून ‘फ्लॅशसाठी, ट्रिगर-रिमोटसाठी नाही’ अशी लावली आहे.