ब्रिसेलीने हात टेकले नव्हते

अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बरच्या व्हायोलिन कन्चेर्टोचा (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या तीन भागांच्या रचनेचा) विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. ज्याच्यासाठी तो लिहिला, त्या व्हायोलिनवादक इसो ब्रिसेलीला म्हणे पहिले दोन भाग फार सोपे वाटले. मग बार्बरने अवघड तिसरा भाग पाठवला, तर 'हे वाजवणं अशक्य' म्हणत त्याने हात टेकले. एका विद्यार्थ्याने तो वाजवून दाखवला आणि पैसे देणाऱ्याला पूर्ण रक्कम मोजावी लागली.

आधी पैशांचं. फिलाडेल्फियाचे साबण कारखानदार सॅम्युअल फेल्स यांनी 1939 मध्ये या रचनेसाठी एक हजार डॉलर कबूल केले होते, निम्मे आगाऊ दिले होते. व्यवहार फिसकटल्यावर बार्बरकडे ते पाचशेच राहिले. उरलेले पाचशे त्याला मिळाले नाहीत.

'अशक्य' हा शब्द मला जास्त खुपतो. डिसेंबर 1939 मध्ये खुद्द बार्बरने फेल्सना लिहिलेल्या पत्रात ब्रिसेलीचे आक्षेप आहेत: जानेवारीतल्या कार्यक्रमापर्यंत हा भाग खात्रीने बसणार नाही, तो व्हायोलिनच्या प्रकृतीचा नाही आणि पहिल्या दोन भागांपुढे किरकोळ वाटतो. वेळ अपुरा आहे असं तो म्हणाला, हे खरं. पण ते वाजवता न येण्याची कबुली नव्हे. कार्ल फ्लेशसारख्या नामांकित व्हायोलिन-गुरूच्या या शिष्याला वेगाची भीती वाटली, असं मानायला मी तरी तयार नाही.

तिसरा आक्षेप तर नुसता ऐकूनही कळतो. पहिले दोन भाग संथ, गाते, ऐसपैस. त्यानंतर जेमतेम चार मिनिटांची, श्वास न घेता धावणारी अखेर. मला ती धाव फार आवडते, पण तोल ढळतो असं वाटणाऱ्याला भित्रा कसं म्हणायचं? ब्रिसेलीला तिसऱ्या भागाऐवजी वेगळा भाग लिहून हवा होता. आपल्या लेखनावर पूर्ण विश्वास असलेला बार्बर बधला नाही. मनात कटुता न ठेवता आपण थांबलो, असं त्याने त्याच पत्रात लिहिलं आहे.

विद्यार्थ्याची गोष्ट मात्र खरी. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेतल्या हर्बर्ट बाउमेलने थोड्या तासांच्या तयारीवर तिसऱ्या भागातला अंश झपाट्याने वाजवला होता. त्यातून वादनशक्यता सिद्ध झाली. ब्रिसेलीचा मुख्य मुद्दा रचनेचा होता, त्याला त्यातून उत्तर मिळत नाही.

हा किस्सा 1954च्या बार्बर-चरित्रातून पसरला, पत्रं लोकांसमोर आली 2010 मध्ये. तोवर ब्रिसेली हयात नव्हता.