खू-जिन आणि खू-जिंग

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. एकदा तर नातेवाइकांच्याच ग्रुपवर, मावसभावाकडून. मजकूर लांबलचक आहे, पण त्यातली विधानं मोजकीच. थायलंडच्या ‘बीएल’ मालिका, म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाच्या मालिका बघणाऱ्या मुलींना नट आणि पात्र यातला फरक कळत नाही. दोन नटांना ‘शिप’ करणं, म्हणजे मनातल्या मनात त्यांची जोडी लावणं, हा मानसिक आजार आहे. या मालिका मुलींनी मुलींसाठी रंगवलेलं विकृत चित्र आहे आणि खऱ्या समलिंगी पुरुषांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. कंपन्या पैशासाठी जोड्या लावतात आणि बावळट प्रेक्षक फसतात. आणि शेवटी, हा परदेशी कचरा आपल्याकडे नको.

मी मुलगी नाही. त्रेचाळीस वर्षांचा पुरुष आहे, सांगलीत नोकरी करतो, समलिंगी आहे. २०२० च्या टाळेबंदीत ‘टुगेदर’ बघितली, तेव्हापासून या मालिका बघतोय. त्या मजकुरात ‘खरे समलिंगी पुरुष’ म्हणून माझ्या वतीने बरंच काही बोललं गेलंय, म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

आधी तो फरक कळत नसल्याचा आरोप. थाई प्रेक्षक अशा जोडीला काय म्हणतात ते बघा. शब्द आहे ‘खू-जिन’. खू म्हणजे जोडी, आणि जिन हा ‘इमॅजिन’ या इंग्रजी शब्दाचा थाई जिभेवर उरलेला तुकडा. म्हणजे कल्पनेतली जोडी. खरोखरच्या जोडप्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘खू-जिंग’. जिंग म्हणजे खरं. दोन शब्दांत एका अनुनासिकाचा आणि सुराचा फरक, आणि तो फरक थायलंडमधली शाळकरी पोरगीसुद्धा चुकत नाही. ज्या दोन नटांनी एकत्र कामच केलेलं नाही अशांची जोडी कुणी मनात लावली तर तिला ‘भुताचं जहाज’ म्हणतात, कारण ते कुठल्याच बंदराला लागणार नाही हे चढतानाच माहीत असतं. आणखी एक गंमतीचा शब्द आहे. थाई भाषेत ‘फॅन’ म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी. चाहत्याला ‘फॅनक्लब’ म्हणतात, तो एकटा असला तरी. नट हा माझा ‘फॅन’ नव्हे, मी त्याचा ‘फॅनक्लब’ आहे, हे तिथल्या रोजच्या बोलण्यातच पक्कं झालेलं आहे. ज्यांना भ्रम झालाय त्यांची भाषा अशी नसते.

‘टुगेदर’ची गोष्टच घ्या. टाइन नावाच्या मुलाच्या मागे एक मुलगा लागलेला असतो. त्याला टाळण्यासाठी टाइन कॉलेजातल्या सारावात नावाच्या मुलाला विनवतो, माझा खोटा प्रियकर हो. पहिल्या भागापासून प्रेक्षक नाटकातलं नाटक बघतोय, हे लटकं आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि त्यातलं खरं कधी सुरू होतं याची तो वाट बघतोय. हा खेळ समजायला बरीच जाण लागते.

नटांचंही बघा. ओम पवतने ‘मेक इट राइट’मध्ये एका नटासोबत काम केलं, २०१९ च्या ‘हीज कमिंग टू मी’मध्ये सिंगतोसोबत, आणि २०२१ च्या ‘बॅड बडी’मध्ये नानोनसोबत. हेच प्रेक्षक तिन्हीकडे रडले. तोच सिंगतो २०१६ च्या ‘सोटस’मध्ये क्रिस्टसोबत होता, आणि ते दोघे २०२५ मध्ये ‘द एक्स-मॉर्निंग’मध्ये पुन्हा एकत्र आले तेव्हा लोकांनी आनंदाने बघितलं. मधली वर्षं कुणी त्यांच्या दारात जाब विचारायला बसलं नव्हतं. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं तेव्हा अरुण गोविल दिसले की माणसं त्यांच्या पाया पडत. माझी आजी टीव्हीला हार घालायची. तिला कुणी आजारी म्हटलं नाही. ती श्रद्धा होती, आणि तिला पडदाही कळत होता, कारण मालिका संपली की ती हार काढून ठेवायची आणि त्याच टीव्हीवर बातम्या बघायची.

यात चुकणारे नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत, आणि त्यांच्यामुळे माणसांना त्रास होतो. आम्हा चाहत्यांच्या एका छोट्या ग्रुपवर मागे कुणीतरी एका नटाचा हॉटेलात मैत्रिणीसोबत जेवतानाचा चोरून काढलेला फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘हिने जहाज बुडवलं.’ आमची ग्रुप चालवणारी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने दोन मिनिटांत फोटो काढून टाकला आणि लिहिलं, ‘तो जेवतोय. जेवू दे.’ त्या रात्री त्यावर बराच वाद झाला, दोघी ग्रुप सोडून गेल्या, पण नियम राहिला: पडद्यावरचं, मुलाखतीतलं, कंपनीने स्वतः दाखवलेलं चालेल, चोरून काढलेलं काहीही चालणार नाही. असे नियम शेकडो ग्रुपवर आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने चुकणारे तेवढे बघितले आणि त्यांना रोखणारे बघितलेच नाहीत.

आता माझा मुद्दा. ‘मुलींनी मुलींसाठी.’

यात अर्धं खरं आहे. या मालिका ज्या कादंबऱ्यांवरून आल्या त्या बहुतेक तरुण स्त्रियांनी इंटरनेटवर लिहिल्या. थायलंडमध्ये या वाचक मुलींना ‘साव वाय’ म्हणतात. जपानी ‘याओई’तलं वाय हे अक्षर आणि साव म्हणजे तरुणी. ज्या मालिकेपासून हे पर्व सुरू झालं असं मानतात ती २०१४ ची ‘लव्ह सिक’सुद्धा डेक-डी नावाच्या संकेतस्थळावर आलेल्या कादंबरीवर बेतलेली होती. आणि हो, सुरुवातीच्या मालिकांत मला खटकणारं पुष्कळ होतं. ‘सोटस’च्या सुरुवातीलाच काँगपोब सगळ्यांसमोर सीनियर आर्थितला सांगतो, तुम्हाला माझी बायको करीन, मग तुमचं गिअर माझंच होईल. गिअर हे इंजिनियरिंगच्या शाखेचं मानचिन्ह. टाळ्याखाऊ वाक्य आहे, पण दोन पुरुषांच्या प्रेमातही एकाला बायको व्हावंच लागतं, ही समजूत त्यात आहे. ‘मी समलिंगी नाही, मला फक्त तू आवडतोस’ हे वाक्य तर इतक्या मालिकांत आलं की ते ऐकताना माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणजे तू चालशील, पण माझ्यासारखे बाकीचे नकोत. ‘टार्नटाइप’मध्ये जबरदस्तीचे प्रसंग प्रेम म्हणून खपवलेले आहेत, आणि टाइपवर लहानपणी अत्याचार झालेला आहे हे माहीत असताना ते बघणं मला जमलं नाही. मी ती अर्धवट सोडली.

पण हे सगळं कुणी बोलून दाखवलं? त्याच मुलींनी. मला ‘संमती’ या विषयावर सर्वात नेमकं लिहिलेलं जे वाचायला मिळालं ते एकवीस-बावीस वर्षांच्या चाहत्या मुलींनी लिहिलेलं होतं, भागामागून भाग, प्रसंगाचं मिनिट सांगून. आणि मालिका बदलल्या. २०२० च्या ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’मध्ये फुकेतचा तेह हा ओ-एवला विद्यापीठाच्या प्रवेशासाठी चिनी शिकवतो, आणि शेवटी त्याला जागा मिळावी म्हणून स्वतःचा प्रवेश सोडून देतो. त्या मुलाला आपण कोण आहोत हे स्वतःशी कबूल करताना जे होतं ते मी मिरजेच्या वसतिगृहात १९९९ मध्ये एकट्याने भोगलंय. मला ते कुणी बाहेरून बघून रंगवलेलं वाटलं नाही. ‘नॉट मी’ अनुचा बून्यावतना यांनी दिग्दर्शित केली. त्या स्वतः ट्रान्स स्त्री आहेत. त्यात इंद्रधनुषी झेंड्याखाली विवाहाच्या हक्कासाठीचं आंदोलन आहे. २०२३ ची ‘मूनलाइट चिकन’ पटायातल्या चिकन-भाताच्या दुकानाची गोष्ट आहे. दुकानवाला जिम तरुण नाही, श्रीमंत नाही, भाड्याची आणि धंद्याची काळजी करणारा आहे. त्याचा भाचा लि मिंग एका ऐकू न येणाऱ्या मुलासाठी हातवाऱ्यांची भाषा शिकतो. माझ्या वयाच्या, माझ्या पगाराच्या समलिंगी माणसाला मध्यभागी ठेवणारी मालिका मी त्याआधी कुठल्याच भाषेत बघितली नव्हती. ‘बॅड बडी’त दोन मुलांच्या गोष्टीच्या कडेला इंक आणि पा या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात. प्रेक्षकांना त्या इतक्या आवडल्या की त्याच दोन अभिनेत्रींना घेऊन २०२४ मध्ये ‘ट्वेंटी थ्री पॉइंट फाइव्ह’ आली.

संबंध नाही म्हणता? थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडप्यांना कायद्याने लग्न करता येतं. आग्नेय आशियातला तो पहिला देश, आणि आशियात तैवान व नेपाळनंतर तिसरा. पहिल्याच दिवशी १,८०० हून जास्त जोडप्यांनी नोंदणी केली. हा कायदा मालिकांनी आणला असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेल्या, मसुदे लिहिणाऱ्या, हरून पुन्हा उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांनी तो आणला. पण मार्च २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात ४०० मतांनी तो मंजूर झाला तेव्हा घराघरात दहा वर्षं ही जोडपी जेवणाच्या वेळी पडद्यावर दिसत होती. एवढं तरी मान्य करा. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क द्यायला नकार दिला. त्या संध्याकाळी मला पहिला फोन त्या नर्सिंगच्या पोरीचा आला. ‘दादा, जेवलास का?’ एवढंच विचारलं तिने.

त्या ‘दादा’वरून आठवलं. तिच्या आईलाही मालिका बघायची होती, आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून आम्ही काही प्रसंग मराठीत लिहून काढायला बसलो. थाईमध्ये वयाने मोठ्या माणसाला ‘फी’ लावतात, थोरल्या भावाबहिणीसाठी जो शब्द तोच. काँगपोब आर्थितला शेवटपर्यंत ‘फी आर्थित’ म्हणतो, प्रेमात पडल्यावरही. मराठीत ‘आर्थितदादा’ लिहिलं की सगळं बिघडतं. ‘अहो’ लिहिलं तर पुन्हा नवरा-बायको. ‘सर’ नाही, ‘आर्थितराव’ नाही. तीन रविवार घालवले. शेवटी नुसतं ‘आर्थित’ आणि ‘तुम्ही’ ठेवलं, आणि लाडात आला की ‘तू’. दोन पुरुषांनी एकमेकांना प्रेमाने काय म्हणायचं, यावर माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासोबत बसून विचार करत होतं. आणि त्या सगळ्या मुली होत्या.

कंपन्यांचं म्हणाल तर त्या पैसे कमावतात हे उघड आहे. मालिका बनवणारी जीएमएमटीव्ही ही कंपनी दरवर्षी समारंभ करून पुढच्या मालिका आणि जोड्या जाहीर करते. चाहत्यांचे मेळावे, जाहिराती, सगळं जोडीने विकलं जातं. जे मंचावरून जाहीर होतं त्यात फसवणूक कसली? फसवणूक नाही, पण अन्याय होऊ शकतो, आणि तो नटांवर. जोडी फुटली तर काम जाईल या भीतीने एखाद्या तरुणाला आपलं प्रेम लपवावं लागत असेल तर ते वाईट आहे, आणि त्याचा दोष कराराचा तसाच ते खपवून घेणाऱ्या आमचाही. बावळट मात्र म्हणू नका. एप्रिल २०२० मध्ये ‘टुगेदर’मधला नट ब्राइट याने हाँगकाँगचा देश म्हणून उल्लेख असलेला फोटो पसंत केला म्हणून चिनी राष्ट्रवादी त्याच्यावर आणि त्याच्या मैत्रिणीवर तुटून पडले. थाई मुलांना वाटेल ते ऐकवलं, तुमचं सरकार किती वाईट आहे हेही सुनावलं. थाई मुलांनी उत्तर दिलं, बरोबर आहे, अजून सांगा. तैवान आणि हाँगकाँगची मुलं येऊन मिळाली आणि त्यातून ‘मिल्क टी अलायन्स’ ही या तरुणांची ऑनलाइन एकजूट उभी राहिली. ज्यांना नट आणि माणूस वेगळे कळत नाहीत त्यांच्या हातून हे होत नाही.

राहिला परदेशी कचरा. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ मराठी रंगभूमीवर आलं. विषय आपल्याकडे बाहेरून आलेला नाही, आपण तो मध्ये बराच काळ झाकून ठेवला. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि तिथला शेतकरी बाल्या यांची ती गोष्ट. सिनेमागृहात लागला तेव्हा ग्रुपमधल्या दोघी माझ्यासोबत आल्या. सुटल्यावर आम्ही चहाच्या गाड्यावर तासभर उभे होतो. त्या आनंदच्या आईबद्दल बोलत होत्या, बाल्याच्या शेळ्यांबद्दल, नातेवाइकांच्या लग्नाच्या तगाद्याबद्दल. ते दोन नट कोण, कुणाबरोबर राहतात, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.