माल कोणाचा होता?

परवा परत व्हॉट्सॅपवर तोच फोटो आला. केमिकल सोडताना पकडलेला टँकर, मागे लावलेला जाड पाईप, खाली नाला, बाजूला दोन पोलीस आणि मधे मान खाली घालून उभा असलेला ड्रायव्हर. ग्रुपवर लगेच सुरू झालं, याला तेच पाणी पाजा, उलटा टांगा वगैरे. खरं सांगतो, मी पण तसलंच काहीतरी टाईप करत होतो. मग बातमी नीट वाचली. ड्रायव्हरचं नाव होतं, क्लीनरचं होतं, टँकरचा नंबर होता, कुठल्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला ते पण होतं. टँकरमधला माल कोणाचा होता ते मात्र कुठेच नव्हतं. चार वेळा वाचली. नव्हतंच.

आता मी यावर बोलतोय म्हणजे मी कोण ते आधी सांगून टाकतो. मी अंबरनाथचा. २००५ ते २०११ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ईटीपीला होतो. कंपनीचं नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्ये पण विचारू नका. ईटीपी म्हणजे कंपनीचं घाण पाणी बाहेर जायच्या आधी साफ करायचा प्लांट. मोठ्या टाकीत सगळं गोळा करायचं, चुना फेरस मारायचं, गाळ खाली बसवायचा, फिल्टर प्रेसला लावायचा, पाणी पुढे हवेच्या टाकीत. कागदावर सीओडी, म्हणजे पाण्यात किती घाण आहे ते सांगणारा आकडा, २५० च्या आत आणायचा असतो. आमच्याकडे यायचं ते पाणी कित्येक हजारात असायचं आणि हवा मारणारे ब्लोअर दोन, त्यातला एक कायम रिपेअरला. विजेचं बिल वाढलं की दुसरा पण बंद करायला सांगायचे, रात्री कोण बघायला येतंय.

जुलै महिना, रात्रपाळी, धो धो पाऊस. सुपरवायझर छत्री घेऊन आला आणि म्हणाला, पाऊस लागलाय, टाकी हलकी कर. एवढंच. टाकी हलकी कर म्हणजे काय ते या लाईनमधल्या कोणालाही विचारा, सांगेल, पाणी साफ न करता तसंच बाहेर सोडून दे. मी व्हॉल्व्ह फिरवला. माझ्या हाताने. पगार तेव्हा साडेसहा हजार होता आणि लग्न ठरलेलं होतं, हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात एवढंच होतं म्हणून सांगतोय. सकाळी घरी जाताना पुलावरून खाली बघितलं पण नाही. आणि हे एकदा झालं असं पण नाही, प्रत्येक पावसाळ्यात झालं.

त्यामुळे तो ड्रायव्हर दिसला की मला तो व्हॉल्व्ह आठवतो. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. पाईप त्यानेच लावला. पण तो माल त्याने घरी बनवलेला नव्हता ना.

आमची नदी वालधुनी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काकोळ्याच्या डोंगरात उगम, तिथे रेल्वेने बांधलेलं जुनं जीआयपी धरण आहे, आणि त्याच भागात रेल नीरचा बाटलीबंद पाण्याचा प्लांट पण आहे. म्हणजे वर पाणी पिण्यालायक. तिथून खाली अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. मधे आपलं शिवमंदिर, शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०, साडेनऊशे वर्षांपेक्षा जुनं. महाशिवरात्रीला लाखो लोक रांगेत असतात आणि निम्मी रांग नाकाला रुमाल लावून उभी असते. लहान पोरं विचारतात हा नाला कुठला. आईबाप पण नालाच म्हणतात.

डोंबिवलीत २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, तळोज्याला २०१७ मधे कुत्री निळी झाली, त्या सगळ्याच्या बातम्या पार दिल्लीपर्यंत गेल्या. आमच्या नदीचा रंग बाराही महिने काळा, मग फोटो काढणार कशाचा.

आमची बातमी झाली ती नोव्हेंबर २०१४ च्या शेवटी. उल्हासनगरला वडोल गावाजवळ पहाटे टँकरने वालधुनीत केमिकल सोडलं आणि गॅस झाला. शेकडो लोक हॉस्पिटलला, उलट्या, चक्कर, श्वास लागतोय, सेंट्रल हॉस्पिटलला पाय ठेवायला जागा नव्हती. असा गॅस कसा होतो ते सोपं आहे, कुठल्याही केमिस्टला विचारा. सल्फाईडवालं पाणी आणि ॲसिडवालं पाणी एकत्र आलं की हायड्रोजन सल्फाईड. नाल्यात आधीच एकाने ॲसिड सोडलेलं असलं आणि दुसऱ्याने येऊन सल्फाईड ओतलं की झालं. सडक्या अंड्याचा वास येतो. आणि भीती वासाची नाही, वास बंद होण्याची, कारण गॅस एका प्रमाणाच्या वर गेला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं गेला वाटतं गॅस, आणि तो तिथेच उभा राहतो. कंपनीत आम्हाला हे ट्रेनिंगमधे शिकवलेलं होतं. वडोलच्या लोकांना कोणी शिकवलं होतं?

आता काही जण म्हणतील माल कोणाचा ते शोधणार कसं, शेकडो कंपन्या आहेत. तर ६ जानेवारी २०२२ चं सुरतचं प्रकरण बघा. सचिन नावाच्या भागातल्या जीआयडीसीत, म्हणजे तिकडच्या एमआयडीसीत, पहाटे टँकरने खाडीत केमिकल सोडलं, बाजूच्या डाईंग मिलमधले ६ कामगार गेले. गुजरात पोलिसांनी ड्रायव्हरला धरून केस बंद नाही केली. दलाल कोण, ट्रान्सपोर्टर कोण, भरलं कुठून असं उलटं चालत चालत ते आपल्या तळोज्यातल्या एका कंपनीपर्यंत आले आणि तिथले अधिकारी उचलले. पुढे कोर्टात काय शाबीत होतं ते कोर्टाचं काम. पण माग काढता येतो हे तर दिसलं ना. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात काढता येतो तर अंबरनाथहून उल्हासनगरला का नाही येत? पाच किलोमीटर आहे ओ.

आणि माग काढायला शेरलॉक होम्स लागत नाही, कायद्यात त्याची सोय आधीच करून ठेवलीय. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमात मॅनिफेस्ट नावाचा कागद आहे, सात कॉप्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी प्रदूषण बोर्डाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी ट्रान्सपोर्टरकडे अशा. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती निळी. माल तळोज्याला किंवा रांजणगावला किंवा बुटीबोरीला, जिथे घातक कचऱ्याची विल्हेवाट लावतात तिथे पोचला, त्यांनी वजन करून घेतला की ती निळी कॉपी सहीशिक्क्यासकट परत पाठवणाऱ्या कंपनीकडे यायला पाहिजे. ती आली नाही म्हणजे तुमचा माल वाटेत कुठेतरी उतरला. कंपनीला हे कळत नाही असं होऊच शकत नाही. शिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त माल आवारात साठवायचा नाही असा पण नियम आहे, त्यामुळे कोणाकडे किती तयार होतो, किती बाहेर गेला आणि किती पोचला हे नुसती वजाबाकी आहे. शाळेतली.

मग पळवाट कुठे आहे तर कचऱ्याला कचरा म्हणायचंच नाही. बायप्रॉडक्ट म्हणायचं. स्पेंट ॲसिड, म्हणजे वापरून झालेलं ॲसिड, अमुक ट्रेडर्सला विकलं, एक रुपया किलोने, बिल आहे, बघा. आता तो ट्रेडर एक रुपयाने घेतो आणि वरून भाडं पण त्याचंच, त्याला परवडतं कसं असा प्रश्न अकाउंटवाल्याला पडत नाही, ऑडिटवाल्याला पडत नाही. खरा पुनर्वापर करणारे पण आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. पण आमच्याकडे जो ‘पार्टी’ यायचा त्याच्याकडे ऑफिस म्हणून फक्त मोबाईल होता. तो फोन करायचा, रात्री टँकर यायचा, पहाटे रिकामा. कुठे जाऊन रिकामा झाला ते आम्ही कधी विचारलं नाही, आणि न विचारायचेच तर पैसे होते.

पैशावरून आठवलं, दंडाचं गणित माहितीये का? केंद्रीय प्रदूषण मंडळाचा फॉर्म्युला आहे. कन्सेंटमधे, म्हणजे मंडळाच्या परवान्यात, दिलेल्या मर्यादेपेक्षा घाण पाणी सोडलं तर रेड कॅटेगरीचे, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या धंद्यांचे, ८० पॉईंट, गुणिले दिवस, गुणिले २५० रुपये, गुणिले कंपनी केवढी आहे त्याप्रमाणे अर्धा, एक किंवा दीड, आणि गाव मोठं असेल तर आणखी थोडं. म्हणजे छोटी रेड कॅटेगरी कंपनी, एक दिवस सापडली, १० हजार रुपये. मोठी असेल तर ३० हजार. मी ईटीपीला होतो त्यामुळे सांगतो, पाणी इमानदारीत साफ करायला रोज काय खर्च येतो ते मालकाला पाठ असतं, आणि वर्षात आपण किती वेळा सापडतो ते पण पाठ असतं. आणि मुद्दाम ओतलं असेल तर हा फॉर्म्युला नाही, तिथे नुकसान किती झालं ते तज्ज्ञांनी बघून आकडा काढायचा असतो. उत्तम. पण वसूल कोणाकडून करणार, ड्रायव्हरकडून? गाडी पुन्हा तिथेच येते. माल कोणाचा होता.

तुरुंगाचं म्हणाल तर पर्यावरण संरक्षण कायद्यात १९८६ पासून पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून तिथे १० हजार ते १५ लाख दंड आणला. सरकारचं म्हणणं असं की केसेस वर्षानुवर्षं चालतात, दंड पटकन होईल. मला हे अर्धं पटतं. कारण पाच वर्षं होती तेव्हा तरी आमच्या एमआयडीसीतला कुठला मालक आत गेलेला मी बघितला? एक पण नाही. पण १५ लाख! काही कंपन्यांचं दिवाळी गिफ्टचं बजेट त्याहून मोठं असेल.

आणि मोठा दंड झाला तरी हातात पडतो का ते बघा. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे ८० च्या दशकाच्या शेवटी एच ॲसिड बनवायचे, रंगाच्या धंद्यात लागतं ते. ३७५ टन एच ॲसिड बनलं आणि त्यातून २४४० टन गाळ निघाला. म्हणजे एक किलो माल आणि साडेसहा किलो विष. ते तिथेच पडून राहिलं, जमिनीत मुरलं, विहिरींचं पाणी लाल तपकिरी झालं, जनावरं पण तोंड लावेनात. सुप्रीम कोर्टाने १९९६ ला निकाल दिला, जो घाण करेल तो भरेल, त्याची चूक सिद्ध करत बसायची पण गरज नाही, धंदाच घातक आहे तर जबाबदारी पूर्ण त्याची. सगळ्या लॉ कॉलेजात शिकवतात ही केस. साफसफाईचा खर्च ठरला ३७.३८५ कोटी. मग अर्जावर अर्ज, अर्जावर अर्ज, आणि २०११ ला कोर्टाला परत सांगावं लागलं की बाबांनो आता १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट भरा. पंधरा वर्षं. तोपर्यंत विहिरीवाले काय पीत होते?

आपल्याकडे पण वनशक्ती संस्थेच्या अर्जावर हरित लवादाने २०१५ ला उल्हास आणि वालधुनीसाठी ९५ कोटींच्या आसपास दंड लावला होता, सीईटीपी, म्हणजे सगळ्या कंपन्यांचा मिळून एक ईटीपी, आणि नगरपालिका, महापालिका मिळून. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मी आजही शिवमंदिराकडे जाताना रुमाल घेऊन जातो, बाकी तुम्ही समजून घ्या.

मागे असंच काही लिहिलं तेव्हा एक मित्र चिडला, म्हणाला कंपन्या बंद झाल्या की पोरं काय करणार, तू तर सुटलास नोकरी सोडून. बरोबर आहे त्याचं. म्हणूनच बंद करा असं मी म्हणतच नाहीये. बंद करायची वेळ आली की बंद होतं कोण ते आपण बघितलंय. उल्हासनगरचे जीन्स वॉशवाले. त्यांचं निळं पाणी वाईट होतंच, समर्थन नाही, पण कारखाने सील झाले आणि रातोरात कामगार रस्त्यावर आले, युनिट बरेचसे आजूबाजूच्या गावांमधे सरकले, घाण पण तिकडे सरकली. ज्यांची ओळख वरपर्यंत आहे त्यांना मात्र नोटीस येते, नोटिशीला उत्तर जातं, उत्तराला मुदतवाढ मिळते.

मला एवढंच पाहिजे की टँकर पकडला की त्याच आठवड्यात प्रदूषण बोर्डाने आजूबाजूच्या, त्या प्रकारचा माल निघणाऱ्या कंपन्यांच्या निळ्या कॉप्या मागवाव्यात. ज्याची नाही त्याचं नाव एफआयआरमधे ड्रायव्हरच्या वर घालावं, खाली नाही. टँकरमधला नमुना घेताय ना, मग कंपनीच्या टाकीतला पण घ्या, जुळवून बघा, केमिकलची पण ओळख असते. आणि आपल्यासाठी काम म्हणजे गेटवरचे बोर्ड वाचा. सुप्रीम कोर्टाने २००३ ला सांगितलंय की कंपनीने मेन गेटबाहेर बोर्डावर लिहायचं, आत कुठली घातक केमिकल आहेत, पाणी किती जातं, घातक कचरा किती. बाहेर, पब्लिकला दिसेल असं. फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही, वॉचमन ओरडेल, ओरडू दे.

मी स्वतः मार्चमधे माझ्या जुन्या कंपनीच्या गेटवर गेलो होतो. वॉचमन नवीन होता, ओळखलं नाही. बोर्ड आहे. नवाकोरा, कॉलम आखलेले, वर पेंटरने छान अक्षरात मथळे काढलेले. आकडे दिसले नाहीत, कारण त्यावर सुरक्षा सप्ताहाचा बॅनर बांधला होता.