बोंडाच्या आतलं बाहेरून कसं दिसणार?

आमच्या परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: किड्या-मुंग्यांवरच्या डॉक्युमेंटरी बनावट असतात, काचेच्या पेटीत चित्रित करतात, आवाज मागून घालतात, हल्ली तर सगळं कॉम्प्युटरवरच बनतं, पोरांचा वेळ त्यात घालवू नका.

पेटीत चित्रीकरण होतं हे खरं आहे. पण म्हणून ते बनावट, हे मला अजिबात मान्य नाही. निदान कापूस लावणाऱ्याला तरी हे पटायला हवं. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की कोवळ्या बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार. म्हणून तर 20 हिरवी बोंडं तोडून, फोडून बघा असा सल्ला दिला जातो. फोडलं की दिसतं: सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली, आणि तिथंच ती अळी. ती आत कशी खाते हे कॅमेऱ्याला दाखवायचं तर बोंड कापावंच लागणार. शिवाय एवढ्याशा जिवाजवळ लेन्स नेली की जेमतेम मिलिमीटरभराची पट्टी स्पष्ट दिसते. वाऱ्यानं पान हललं की चित्र गेलं. त्यासाठी पेटी. अळी सरकी खाते ती तिच्या भुकेनं, कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

लबाडी कशाला म्हणायचं तेही सांगतो. 1958 च्या डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये लेमिंग हे उंदरासारखे प्राणी माणसांनीच कड्यावरून ढकलले आणि ते आपणहून उड्या टाकतात असं दाखवलं. प्राणी जे करतच नाही ते त्याच्या नावावर खपवलं. 1971 च्या ‘द हेलस्ट्रॉम क्रॉनिकल’ या किड्यांवरच्या चित्रपटाला डॉक्युमेंटरीचं ऑस्कर मिळालं, पण त्यात शास्त्रज्ञ म्हणून बोलणारा माणूस नट होता. हे चूकच. तरी त्यातले किडे खरे होते, आणि हा फरक मेसेज लिहिणाऱ्यानं केलेला नाही.

आवाजाचा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. मुंगी चालताना जो टपटप आवाज ऐकू येतो तो बहुतेक वेळा नंतर घातलेला असतो, आणि तसं पडद्यावर स्पष्ट लिहिलं पाहिजे. रातकिड्याचं तसं नाही. नर पंखावर पंख घासून जो आवाज काढतो तो आपण रोज रात्री ऐकतोच.

कॉम्प्युटरवर बनवलेले किड्यांचे रील सुटलेत, खरंय. त्यांना पकडायला पाय मोजा. किड्याला सहा, कोळ्याला आठ. मृगाच्या पावसानंतर निघणारा लाल मखमली मृगाचा किडा हातावर घेऊन पोरांना मोजायला लावा: आठ भरतील, कारण तो कोळ्यांच्या गोतातला. असं मोजायची सवय लागलेलं पोरगं खोट्या रीलला फसणार नाही.

राहिला वेळ वाया जाण्याचा मुद्दा, आणि इथंच मला सगळ्यात जास्त राग येतो. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. बोंडअळीचं ते अंडं काळं पडतं आणि त्यातून अळीऐवजी माशीच बाहेर येते. शेतात नुसत्या डोळ्यांनी हे दिसणं अशक्य, पडद्यावर दिसतं. ज्यानं ते पाहिलंय तो पानाखाली ट्रायकोकार्ड, म्हणजे या माशीनं अंडी घातलेल्या अंड्यांचं कार्ड, लावून दुसऱ्या दिवशी रासायनिक फवारणी करणार नाही.

ढालकिडा (लेडीबर्ड) सगळ्यांना माहीत आहे. त्याची अळी मात्र काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची. मोठ्या किड्याशी तिचं काहीच साम्य नाही. पिकाचा रस शोषणारा मावा फस्त करणारी हीच अळी कीड समजून चिरडली जाते. तिच्यावरचा चार मिनिटांचा व्हिडिओ आधी वर्गात दाखवा आणि मग पोरांना मावा पडलेल्या ज्वारीत न्या. पोंग्यात, पानामागं ती सापडते.