‘रिपोर्ट निगेटिव्ह आला की फिजिओ सुरू करू’

आज दुपारी मैत्रिणीचा फोन आला. तिच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. जखमेच्या स्वॅबमध्ये एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू, निघाला म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. इथवर ठीक. पण त्याच दिवसापासून फिजिओथेरपी बंद! खुब्याच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी उभं करतात, आणि या बाई पडून आहेत. का, तर वर लिहिलंय ते वाक्य. फोन ठेवल्यापासून डोकं तापलंय, कारण हेच वाक्य मी अण्णांच्या वेळी ऐकलंय.

अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. फिजिओने त्यांना आधी बेडच्या कडेला बसवलं, मग दोघांनी धरून उभं केलं. त्या दिवशी अण्णा आईकडे बघून हसले होते. मग ताप आला. लघवीच्या कल्चरमध्ये औषधांना दाद न देणारा क्लेबसिएला सापडला. हा जंतू अण्णांनी घरून नेला नव्हता, तो त्यांना तिथंच मिळाला. खोलीच्या दारावर कागद लागला आणि उभं राहणं तिथंच थांबलं.

सिस्टर आत येत होत्या. रक्त घेणारे येत होते, जेवण देणारे मामा येत होते, फरशी पुसणाऱ्या मावशी येत होत्या. सगळे गाऊन, ग्लोव्हज चढवून यायचे आणि बाहेर पडताना हात धुवायचे. मग फिजिओच तेवढा का नाही? याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

आणि निगेटिव्हची वाट बघायची म्हणजे किती? हे जंतू ताप उतरल्यावरही आतड्यात, कातडीवर महिनोन्‌महिने राहू शकतात. झटक्यानंतर शरीर सगळ्यात जास्त शिकतं ते पहिल्या तीन महिन्यांत. ते दिवस परत कोण देणार? 2007 साली अमेरिकेत धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं बेडवर ठेवून पाहिलं होतं. पायांचा जवळजवळ किलोभर स्नायू गेला. धडधाकट माणसांचा! अण्णांचं तर अर्धं अंग आधीच गेलेलं. खांदा आखडला, पाऊल खाली लोंबायला लागलं, टाचेला बेडसोर झाला. जंतूने यातलं काहीही केलं नाही, हे पडून राहण्याने झालं.

हो, फिजिओ दिवसभर एकामागून एक पेशंटला अंगाला अंग लावून उचलतो आणि आयसीयूत नाजूक पेशंट असतात, हे मान्य. म्हणून तर रीत ठरलेली आहे. असा पेशंट राउंडमध्ये शेवटी घ्यायचा. वॉकर त्याच खोलीत ठेवायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. सी-डिफ या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर साबण-पाण्यानेच हात धुवायचे, कारण सॅनिटायझरने त्याचे बीजाणू मरत नाहीत. टीबी असेल तर एन-95 लावायचा. कॉरिडॉरमध्ये नका चालवू, पण बेडवरून खुर्चीत बसवायला आणि खुर्चीतून उठवायला कॉरिडॉर कशाला लागतो? 2020 साली याच फिजिओंनी पीपीई किटमध्ये घामाने निथळत कोविडच्या पेशंटना पालथं झोपवलंय, श्वासाचे व्यायाम करून घेतलेत. तेव्हा जमलं ना!

एक मुलगी मात्र यायची. नुकती पास झालेली असावी. तिची यादी संपली की संध्याकाळी गाऊन घालून ती अण्णांकडे यायची. लुळ्या हाताखाली उशी कशी ठेवायची, कूस बदलताना तो हात कधीही ओढायचा नाही, हे तिने आईला शिकवलं. दिवसभर भिंतीकडे बघत पडलेले अण्णा तिच्याशी अडखळत का होईना बोलायचे. मास्कमुळे तिचा चेहरा आम्हाला नीट दिसलाच नाही. पोरी, जिथे असशील तिथे सुखी राहा.

पण तिला कुणी पाठवलेलं नव्हतं, आणि हाच माझा संताप आहे. अण्णांनी उभं राहायचं की नाही, हे एका पोरीच्या भल्या मनावर का सोडायचं? आज अण्णा काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. उजवा खांदा वर जात नाही तो नाहीच. शर्ट त्यांना आई घालून देते.

मैत्रिणीला सांगितलंय, ज्यांचं माणूस आत्ता अशा खोलीत आहे त्यांनाही सांगते. उद्या राउंडला डॉक्टर आले की विचारा, फिजिओ कुणाच्या आदेशाने बंद आहे? दिवसातला शेवटचा पेशंट म्हणून घ्या म्हणा. वॉकर खोलीत ठेवायला सांगा. मधल्या वेळेत करायचे व्यायाम घरच्यांना शिकवायला सांगा. आणि तरीही नाही म्हणाले, तर ते कारणासकट फाइलवर लिहून द्या म्हणा.