खुलासा : कान्हेरी लेणी अशोकाने खोदवलेली नाहीत

ठाण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : येऊरच्या डोंगरापलीकडची कान्हेरी लेणी सम्राट अशोकाने स्वखर्चाने खोदवली. तसं नाही. अशोकाचे शिलालेख सोपाऱ्याला (आजचं नालासोपारा) मिळाले, कान्हेरीत त्याचा एकही नाही.

कान्हेरीच्या ब्राह्मी लिपीतल्या लेखांत बहुतेक दाते व्यापारी, कारागीर, गृहस्थ, काही भिक्षू-भिक्षुणीही. सुरुवातीला ‘सिद्धं’ हा मंगल शब्द, मग गाव, धंदा, नाव आणि दान. कल्याणच्या नंद लोहाराने डोंगरावर वाट करून दिली, तिथल्याच एका सोनाराने पाण्याचं टाकं. (राजघराण्याशी संबंधित दानंही आहेत, पण मोजकी.)

८१ क्रमांकाच्या लेण्याचा लेख मुद्दाम बघा. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीचं १६वं वर्ष, दाता कल्याणचा व्यापारी उपासक (बौद्ध गृहस्थ) अपरेणुक. लेण्यासोबत त्याने २०० कार्षापणं (तेव्हाची नाणी) आणि मागाठाण्याचं शेत कायमची ठेव म्हणून भिक्षुसंघाला दिलं. मुद्दलाला हात लावायचा नाही. उत्पन्नातून भिक्षूच्या चीवरासाठी (वस्त्रासाठी) १६ कार्षापणं. रोख दान वर्षभरात उडालं असतं, हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक.

लेखांचे फोटो भरदुपारी काढू नका. सरळ उन्हात अक्षरं सपाट दिसतात. तिरप्या उजेडात खाचा उठून येतात.