पालक म्हणतात आपलेच

परवा १ मेला, सकाळी साडेनऊच्या सुमारास, माझ्यावर झाकणचोरीचा संशय घेण्यात आला. शाळेच्या व्हरांड्यात, निकालाला आलेल्या पन्नास-साठ पालकांच्या देखत. झाकण स्टीलचं, तळहाताएवढं. मोडीत घातलं तर अर्धा कटिंगही येणार नाही त्याचा. बायको म्हणते, सोडून दे. मला सोडता येत नाही. तीन दिवस झाले, दाढी करताना, भाजी निवडताना, सिग्नलला थांबलो असताना मला तेव्हा द्यायला हवी होती ती उत्तरं सुचताहेत.

तर निकाल. झेंडावंदन झालं, राज्यगीत झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या. आमची कन्या तिसरीत. मराठी अ-१, गणित ब-२, बाकी अधेमधे. ब-२ म्हणजे ६१ ते ७०च्या दरम्यान काहीतरी. नेमकं किती ते कळत नाही, हे त्या श्रेणीचे बापावर उपकार आहेत. आमच्या वेळी ३१ म्हणजे ३१च असायचे आणि तेही लाल शाईत, शेजारच्या काकूंना खिडकीतून दिसतील असे. वर्णनात्मक नोंदींत बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतःच्या वस्तू व्यवस्थित सांभाळते.' तेच वाक्य पुढे माझ्यावर उलटलं.

वर्गाबाहेर एक बाक टाकून त्यावर वर्षभरात सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या. 'पालकांनी आपापल्या पाल्याच्या वस्तू ओळखून न्याव्यात' असा फळा शेजारी. बाटल्या ४१. रांग होती, म्हणून मोजल्या. स्वेटर नऊ, पैकी आठ एकाच रंगाचे, कारण गणवेश. डाव्या पायाचे बूट तीन, उजव्या पायाचा एकही नाही. एका कागदाच्या पुडीत दुधाचा दात, वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'हा माझा आहे'. कोणाचा, ते नाही.

आणि झाकणं सात. डबा एकही नाही, नुसती झाकणं. ह्याचं कारण पोषण आहार. घंटा झाली की पोरं डबा उघडतात, घरची पोळीभाजी एका बाजूला सारतात आणि त्यातच खिचडी घेतात. तेवढ्या धांदलीत झाकण जिथे ठेवलं तिथे राहतं. डबा दप्तरात जातो, कारण त्यात वाटाणे उरलेले असतात आणि ते आईला दाखवून तक्रार करायची असते. झाकणाबद्दल कोणाची काही तक्रार नसते.

आमचं झाकण मार्चपासून गायब होतं. तोवर कन्येचे दोन प्लॅस्टिकचे डबे दिवाळीआधीच स्वर्गवासी झाले होते, म्हणून बायकोनं माळ्यावरून एक जुना स्टीलचा काढला. आता मराठी घरातला माळ्यावरचा डबा म्हणजे तो त्या घरातल्या माणसाच्या नावाचा असणं अशक्य. आमच्या घरात माझं नाव असलेलं एकही भांडं नाही. मी ज्या ताटात जेवतो ते माझ्या आत्याच्या नणंदेच्या डोहाळजेवणाचं. पाणी पितो तो तांब्या कुणाच्या तरी साखरपुड्याचा, आणि ते लग्न मोडलं असं आई सांगते. चहाचं पातेलं तर चक्क एका पतपेढीच्या रौप्यमहोत्सवाचं, आणि ती पतपेढीही बुडाली. भांडीबाजारात दुकानदार मशीननं टर्रर्र करून ठिपक्याठिपक्यांची नावं घालतो. ती भांडी आहेरात इकडून तिकडे जातात, आणि चाळीस वर्षांनी नाव भलत्याच्या घरी राहतं. कोणाला त्याचं काही वाटत नाही. त्या बाकाशेजारी बसलेल्या आजींना वाटलं.

ह्या आजी कोणाच्या, ते मला अजून कळलेलं नाही. नातवाला घेऊन लवकर आल्या असाव्यात. बाईंनी नुसतं "जरा लक्ष ठेवता का?" म्हटलं असणार आणि त्यांनी एकदम कारभारच हातात घेतला. चष्मा दोरीनं गळ्यात, हातात सुपारीची डबी, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी झाकण उचललं, उलटंपालटं केलं, ओळखीचं वाटलं, आणि पिशवीत टाकायला गेलो.

"भाऊ, ते ठेवा खाली."

"आमचंय आजी."

"सगळे तेच म्हणतात. मघाशी एक बाई छत्री घेऊन चालल्या होत्या. त्यांच्या मुलीकडे छत्रीच नाही, मुलीनंच सांगितलं. नाव वाचा."

मी वाचलं. घासून घासून बरंचसं गेलं होतं. पहिला शब्द नीट, पुढे एक आडवी रेघ आणि शेवटी ७९. "सप्रेम," मी म्हणालो.

"तुमचं नाव सप्रेम आहे का?"

"नाही, पण..."

"मुलीचं?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला की सप्रेम हे नाव नसतं, सप्रेम भेट असतं, पुढे भेट देणाऱ्याचं नाव असतं आणि ते पुसलं गेलंय. आजींनी शांतपणे सुपारी तोंडात टाकली.

"घासतं कोण?"

"मी."

हे मी जरा मान वर करून सांगितलं. घरात भांडी मी घासतो, आठ वर्षं झाली, आणि त्याचं कौतुक व्हावं अशी माझी अपेक्षा नसते असं मी सगळ्यांना सांगत असतो. रांगेतल्या दोन काकूंनी एकमेकींकडे पाहिलं. आजींवर ढिम्म परिणाम नाही. त्यांनी झाकण माझ्या हातातून काढून घेतलं आणि पदराखाली धरलं.

"मग तुम्हाला तोंडपाठच असेल. सांगा, पोचा कुठेय?"

आठ वर्षं रोज रात्री मी भांडी घासतोय. त्या क्षणी मला एकाही भांड्याचा चेहरा आठवेना.

"डावीकडे," मी ठोकून दिलं.

"गोल झाकणाला डावीकडे कुठून आली?"

ह्यावर रांगेत जे हसले त्यांची मुलं कुठल्या वर्गात आहेत ते मी पाहून ठेवलंय. एक गृहस्थ तर पुढे होऊन म्हणाले, "साहेब, सोडा ना, नवीन घ्या." हाच माणूस पाच मिनिटांपूर्वी नऊ स्वेटर एकेक करून हुंगत होता. मुलाचा वास ओळखता येतो म्हणे.

मग आजींनी पुराण लावलं. पुराण म्हणजे पुराचं. १९६९ला गोदावरीला महापूर आला तेव्हा त्या परकर-पोलक्यात होत्या. घरात पाणी शिरलं, भांडी वाहून गेली. ओसरल्यावर सगळी आळी चिखलात हात घालून पातेली वेचत होती, आणि जो तो म्हणत होता हे आमचं, हे आमचं. "तेव्हा माझी आजी पायरीवर बसली. म्हणाली, नाव असेल त्यानं न्यावं. बिननावाचं एक पातेलं आमचंच होतं, सोन्यासारखं. पण नाव नाही म्हणून तिनं ते पण नाही घेतलं." एवढं सांगून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच चिखलात हात घालून बसलोय.

खरं सांगतो, गोष्ट चांगली होती. नाशकात पुराची गोष्ट सांगणाऱ्याला कोणी मधे तोडत नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी होतं ह्यावर आमच्याकडे लग्नाच्या पंगती अडून राहतात. रांगेतल्या एकानं लगेच २०१६चा पूर काढला, दुसऱ्यानं २०१९चा, आणि माझं झाकण पदराखाली तसंच.

"मुलीला बोलवा," आजी शेवटी म्हणाल्या.

कन्या आली. दोन मैत्रिणी गळ्यात, तोंडात गोळी. आजींनी एकदम साखर घातलेल्या आवाजात विचारलं, "बाळा, हे तुमचं झाकण आहे?"

तिनं पाहिलं. विचार केला. "माहीत नाही. लावतात बाबा. मी नुसतं काढते."

पोटच्या पोरानं अशी साक्ष द्यावी! मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं वर्षभराची फाईल उघडली, कार्यानुभवाचे चिकटवलेले डाळ-तांदूळ सांडत चित्राचं पान काढलं आणि म्हणाली, "पण मी सूर्य झाकणानं काढलाय." चित्रात दोन डोंगर, मधे सूर्य, नेहमीचंच. आजींनी झाकण सूर्यावर ठेवलं. तंतोतंत बसलं. कडेला रेघसुद्धा दिसेना. मी रांगेकडे वळून पाहिलं. हा माझा त्या सकाळचा एकमेव चांगला क्षण, साधारण दोन सेकंदांचा.

"ह्या मापाची सगळीच झाकणं एवढी असतात," आजी म्हणाल्या आणि दुसरं झाकण सूर्यावर ठेवलं. तेही बसलं. तिसरंही. मग त्यांनी माझ्या हातातलं प्रगतिपुस्तक ओढून घेतलं, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "'स्वतःच्या वस्तू व्यवस्थित सांभाळते.' मग हरवेल कशी हो हिची?"

इथे मी चिडलो. आवाज चढला. "आजी, तुम्ही कोण मला विचारणाऱ्या?" असंही बोलून गेलो, आणि त्या क्षणी 'भाऊ' आणि 'तुम्ही' संपलं. "अरे, आवाज कोणावर चढवतोस? मुलगी बघतेय ना."

गलका ऐकून बाई वर्गातून बाहेर आल्या. हातात मोठं रजिस्टर. त्यांनी माझी बाजू घ्यावी असं मला वाटलं, निदान हसून सोडवावं. पण त्यांचा चेहरा दमलेला होता. म्हणाल्या, "न्या हो, पण एक ओळ लिहून सही करा. मला चार्ज द्यायचाय. काय गेलं, काय राहिलं, सगळं लिहून द्यायला पाहिजे."

मला तेव्हा आठवलं, झेंडावंदनानंतर मुख्याध्यापिका काहीतरी बोलल्या होत्या आणि मी उन्हात उभा राहून मोबाइल बघत होतो. तिसरीच्या दोन तुकड्या, जूनपासून चौथीची एकच. ३० सप्टेंबरला पट भरला ११८. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला १२० पोरांपर्यंत चार शिक्षक, १२१ झाली की पाच. म्हणजे तीन पोरं कमी पडली. जी सेवेत सर्वांत नवीन ती अतिरिक्त ठरते, आणि नवीन म्हणजे ह्याच बाई. नवीन म्हणजे अकरा वर्षं. आता संस्था नाहीतर जिल्हा परिषद पाठवील तिथे जायचं. आणि ही शिक्षक मंडळी मे महिन्यात गल्लोगल्ली फिरून दारं वाजवणार, "पहिलीला घालण्याजोगं मूल आहे का हो?" मी स्वतः दोनदा दार उघडून 'नाही' सांगितलंय, आणि तेव्हा आमच्याच इमारतीतली चार पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जात होती. बाकावर ४१ बाटल्या होत्या. त्यांचा पट धरता आला असता तर पाचवा शिक्षक सहज मिळाला असता. पण ह्या असल्या विनोदावर बाई हसल्या असत्या असं नाही, म्हणून मी केला नाही. हे असं सगळं माहीत असूनही माझं लक्ष झाकणावरच होतं हे कबूल करतो.

बाईंनी पेन उघडलं. "काय लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत आजींनी सांगायला सुरुवात केली आणि बाई लिहीत गेल्या, त्याच सुंदर अक्षरात. अनुक्रमांक २३. वस्तू: स्टील झाकण, नग १. नाव: सप्रेम. शेरा: पालक म्हणतात आपलेच.

"'म्हणतात' कशाला?" मी विचारलं.

"मग काय लिहायचं? तू म्हणतोसच ना?"

सही करावी लागली. वर खाली पाहिलं तर सगळ्यांच्या शेऱ्यात 'ओळख पटली'. स्वेटर हुंगणाऱ्यालासुद्धा 'ओळख पटली'. 'म्हणतात' फक्त माझ्यापुढे. हे रजिस्टर आता कपाटात जाईल, कायम राहील. शाळा बंद पडली तरी दप्तर राहतं म्हणतात.

निघताना आजींनी कन्येच्या हातावर सुपारीच्या डबीतून खडीसाखर ठेवली. मला नाही दिली.

घरी आलो. बायकोनं निकाल पाहिला, ब-२ला "हं" केलं, आणि डबा काढून झाकण लावलं. खट्. "बसलं की! उगाच तणतणत आलास."

बसलं होतं. उलटं धरून हलवलं तरी पडेना. काढायला शेवटी चमच्याची मागची बाजू घालावी लागली. बायकोला मी काही बोललो नाही, पण मार्चपर्यंत रोज सकाळी मी त्या डब्याला रबरबँड लावून देत होतो.